दोन कासवं आणि एक कागद

मी एक जुनं कासव आहे. जुनं म्हणजे पुराणातलं नव्हे हं, मित्रांनो. पृथ्वी-बिथ्वी मी कधी पाठीवर घेतलेली नाही, तेवढी माझी तब्येतही नाही. मला बारावं वर्ष चालू आहे. डोळ्यांमागे दोन्ही बाजूंना लाल पट्टा आहे, पोटावर पिवळी नक्षी आहे, आणि अंगानं मी चांगल्या थापलेल्या भाकरीएवढी आहे. माझं नाव तहसीलदार. हसू नका. हे नाव मला धामणगाव बढ्याच्या झुंबरबाईंनी दिलं आणि त्याचं कारण पुढे येईलच. मी घाई करत नसते.

माझी जात इथली नाही. सातासमुद्रापलीकडच्या नद्यांतली आमची मंडळी. मी मात्र कुठलीच नदी पाहिली नाही. डोळे उघडले तेव्हा पुण्याच्या एका दुकानात होते, काचेच्या पेटीत, पन्नास भावंडांच्या अंगावर. तेव्हा मी आठ आण्याच्या नाण्याएवढी होते. छकुली नावाच्या आठ वर्षांच्या मुलीनं माझ्याकडे बोट दाखवलं. दुकानदार म्हणाला, "एवढंच राहतं हो, वाढत नाही." इतकं धडधडीत खोटं मी नंतर कधी ऐकलं नाही.

मी वाढले. पाणी घाण करायला लागले. महिन्याभरात छकुलीच्या आईनं नाक दाबलं, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ते कुटुंब गावी आलं तेव्हा मीही डब्यात बसून आले. सुट्टी संपली, सगळे पुण्याला परत गेले. डबा मात्र आजीकडेच राहिला. ती आजी म्हणजे झुंबरबाई, आणि छकुलीचे वडील हर्षल हे तिचे एकुलते एक चिरंजीव.

दुसरी एखादी बाई असती तर तिनं मला नाल्यात भिरकावलं असतं. झुंबरबाईंनी डब्यात वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "माय व! इवलुसा जीव, अन् किती राग हाये तोंडावर!" त्यांच्या अंगणात सिमेंटचा हौद होता. पूर्वी बैल त्यात पाणी प्यायचे. बैल गेले, हौद रिकामा पडला होता. त्यांनी तो घासला, पाणी भरलं आणि मला आत सोडलं. त्या दिवसापासून माझा सुखाचा काळ सुरू झाला.

रोज सकाळी झुंबरबाई एक पोचे पडलेलं स्टीलचं ताट घेऊन हौदाजवळ यायच्या आणि चमच्यानं वाजवायच्या. टण, टण... टण. दोन ठोके, मग थोडा दम, मग तिसरा. हे वाजलं की खाणं येणार, हे मला आठ दिवसांत कळलं. पण कळलं म्हणून काय लगेच धावायचं? मी आधी डोकं वर काढायचे, इकडे-तिकडे पाहायचे, मग सावकाश यायचे.

"बोलावलं की यायचं नाही, आपल्या टायमानं यायचं, अन् आल्यावर बी आपल्याकडे पाह्यचं नाही," झुंबरबाई शेजारणीला म्हणाल्या, "हा तर तहसीलदारच हाये व बाई!" झालं. गावभर नाव पसरलं, पुण्याला मात्र मी नुसतं कासवच राहिले.

घरात आणखी एक कासव होतं, तेही सांगून ठेवते. ते पितळेचं. झुंबरबाईंच्या लग्नात त्यांच्या माहेराहून आलेलं. देवघरात ताटलीतल्या पाण्यात बसायचं. रोज चिंच लावून घासायचं, हळदीकुंकू वाहायचं. दाराच्या फटीतून मला ते दिसायचं. खात नाही, पीत नाही, वाढत नाही. दुकानदार बोलला होता ते बहुतेक त्याच्याबद्दल असावं.

प्रेम खूप होतं, पण माहिती नव्हती. झुंबरबाई मला भाकरी, वरणभात, सणाला पुरणपोळीसुद्धा घालायच्या. मीही खायचे. मग माझे डोळे सुजले, कवच मऊ पडायला लागलं. त्याच दिवसांत शेजारच्या रामरावांची म्हैस अडली. रामराव म्हणजे झुंबरबाईंचे दीर. म्हशीला पाहायला ढोरांच्या दवाखान्यातली नवी डॉक्टरीण आली. मयुरी तिचं नाव, चिखलीची. म्हैस सुटली, रेडकू उभं राहिलं, आणि हात धुवायला मयुरीताई आमच्या हौदाशी आली.

तिनं मला उचललं. उलटंसुलटं पाहिलं. मला अपमान सहन होत नाही, मी फुसकारले.

"मावशी, हिले भाकरी देता का?"

"देतो ना. तुपाचं बोट लावून देतो."

"म्हणूनच आजारी हाये. हिले पाला द्या. मेथी, कोथिंबीर, दोडका, भोपळा. अन् हौदात एक तिरपी फरशी टाका. पाण्याबाहेर येऊन अंग कोरडं करायले जागा पाह्यजे हिले. ऊन नाही भेटलं तर कवच सडते."

"हिले हिले काय करून राह्यली व? तो तहसीलदार हाये."

मयुरीताई हसली. "मावशी, हा तहसीलदार नाही. बाई हाये ही."

झुंबरबाईंनी मला हातात घेऊन नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "मंग काय झालं? बाया तहसीलदार होत नाहीत का आता? नाव तेच राहीन."

मित्रांनो, त्या एका वाक्यासाठी मी त्या बाईला आयुष्यभर मानलं. आणि दुसऱ्याच दिवशी हौदात फरशी आली. चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण चूक कळली की सुधारायला तिला दुसरा दिवस लागायचा नाही. महिनाभरात माझं कवच टणक झालं. गावातली पोट्टी शाळेतून येताना थांबून मला पाहायची आणि मी त्यांना फरशीवरून दर्शन द्यायचे.

एकदा मयुरीताई मला तपासत असताना झुंबरबाईंनी विचारलं, "किती वर्सं जगते व हे?"

"नीट पाह्यलं तर तीस-चाळीस वर्सं, मावशी."

"अन् आता किती झाले?"

"आठ असतीन."

"अन् मले अडुसष्ट." झुंबरबाई आधी हसल्या, मग हसू थांबलं. "म्हंजे म्या गेल्यावर बी ही इथंच फरशीवर बसून राहीन. ताट कोण वाजवीन मंग?"

हा प्रश्न माझ्या मनात कधी आलाच नव्हता. आम्हा कासवांना वाटतं, हौद आहे, ऊन आहे, ताट आहे, म्हणजे सगळं कायमचं आहे. झुंबरबाईंना मात्र त्या दिवसापासून घोर लागला. आणि घोर लागला म्हणून त्या रडत बसल्या नाहीत. त्यांनी माझ्यासाठी स्थळ पाहायला सुरुवात केली. हो, स्थळच! लेकीसाठी पाहतात तसं.

पहिला फोन हर्षलभाऊंना. "आई, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कुठे ठेवू तिला? ऊनच येत नाही गं इथे." खरं बोलले, त्याबद्दल झुंबरबाईंनी राग धरला नाही. दुसरे रामराव. ते म्हणाले, "त्यात काय वहिनी? वावरातल्या विहिरीत सोडून देऊ. विहिरीत कासव असलं की पाणी साफ राह्यते. पुण्य बी लागते." रामराव गेल्यावर झुंबरबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "माणूस देवासारखा हाये," त्या म्हणाल्या, "पण हे स्थळ नाही जमत." शेजारच्या रेणुकाबाईंना माझ्या तोंडाची भीती वाटायची. तेही स्थळ मोडलं.

राहिली मयुरीताई. तिला झुंबरबाईंनी तीन वेळा चहाला बोलावलं आणि तिन्ही वेळा मला तिच्या हातात दिलं. बोलत काही नव्हत्या, नुसत्या पाहत होत्या. तिसऱ्या वेळी ती गेल्यावर मला म्हणाल्या, "पोरगी तुले दोन हातांनी धरते, अन् ठेवल्यावर साबणानं हात धुते. जीव बी लावते, अन् अक्कल बी हाये." मग एके दिवशी त्या चिखलीला एस.टी.नं कपडे घ्यायला म्हणून गेल्या आणि सरळ मयुरीताईच्या आईवडिलांच्या घरी जाऊन आल्या. मयुरीताईचं घर बौद्ध. तिथल्या बुद्धमूर्तीपुढे फूल ठेवलं, तिच्या वडिलांशी, भाऊरावांशी गप्पा मारल्या, आणि गच्चीवर ऊन किती वेळ राहतं तेवढं पाहून परत आल्या. लेकीसाठीसुद्धा लोक एवढं पाहत नाहीत हो!

नंतर त्यांनी विचारलं. "मयुरी, एक मागणं हाये. मले काही झालं तर ही तू नेशीन का? नाही म्हटलं तरी राग नाही. पण हो म्हणशीन तर चार दिस इचार करून म्हणजो."

मयुरीताई लगेच हो म्हणाली नाही. मला ते फार आवडलं. भरभर हो म्हणणारे भरभर विसरतात. ती शनिवारी घरी जाऊन सगळ्यांशी बोलून आली आणि सोमवारी म्हणाली, "हो मावशी. माझी बदली कुठी बी झाली तर चिखलीच्या गच्चीवर टाकं ठेवू. बाबांनी जागा मोजून ठेवली." मग झुंबरबाईंनी तिला ताट वाजवायला शिकवलं. टण, टण... टण. चार वेळा चुकली, पाचव्यांदा जमलं.

आता कागद. झुंबरबाईंना वाटलं, तोंडी बोलण्याला कोण विचारतो? त्यांनी वहीचं पान फाडलं, चष्मा लावला आणि लिहिलं: 'मला काही झाल्यास तहसीलदार मयुरी डॉक्टर यांस द्यावा.' मोठ्यानं वाचलं. आणि स्वतःच कपाळावर हात मारला. "अरे द्येवा! सरकारी माणूस असा कोणाले देता येते का? लोक हसतीन." ते पान चुलीत गेलं. कागद म्हणजे कागद, त्यात घरगुती नाव शोभत नाही, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या पानावर त्यांनी शुद्ध, सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'मला काही झाल्यास माझे कासव मयुरी डॉक्टर यांस द्यावे. त्यांना विचारले आहे.' खाली सही केली आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

एवढी हुशार, एवढी दूरचं पाहणारी बाई. तिच्या हातून चूक झाली ती फक्त एवढीच, की तिनं माझं नाव खोडलं.

तीन वर्षं सुखात गेली. यंदा भाद्रपदात एका सकाळी ताट वाजलं. टण, टण... मी डोकं वर काढून तिसऱ्या ठोक्याची वाट पाहत राहिले. तिसरा आला नाही. ताट खाली पडून घरंगळत गेल्याचा आवाज आला.

झुंबरबाईंना लकवा झाला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. रामरावांनी जीप आणली, बुलढाण्याला नेलं. हर्षलभाऊ रात्रभर प्रवास करून आले. आठ दिवसांनी डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पण एकटं राहता येणार नाही. हर्षलभाऊ आईला पुण्याला न्यायला निघाले. सामान भरताना कपाट उघडलं आणि त्यांना तो कागद दिसला.

मुलगा चांगला आहे हो. कागद वाचून त्यांचे डोळे भरले. रामरावांना म्हणाले, "काका, आईनं माहेरचं कासव मयुरी डॉक्टरांना द्यायला सांगितलंय. तिच्या लग्नातलं आहे, पण तिची इच्छा आहे ना, आपण मोडायची नाही." आणि देवघरातलं पितळेचं कासव त्यांनी स्वच्छ पुसलं, नव्या कापडात बांधलं आणि रामरावांच्या हाती दिलं. तीन वर्षांपूर्वीचा आईचा तो फोन ते केव्हाच विसरले होते, त्यांच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. कागद करून ठेवायचं ते सोन्याचं, शेताचं, पितळेचं. जिवंत जनावराचा कोणी कागद करतं का?

"अन् हे हौदातलं?" रामरावांनी विचारलं.

"त्याचं तुम्हीच पाहा काका. त्याला त्रास होणार नाही असं काहीतरी करा."

मी फरशीवरून सगळं ऐकत होते. ओरडावंसं वाटलं, अहो, ते मी! कागदावरचं कासव मी! पण आम्हाला आवाज नाही. मी जोरात फुसकारले. रामराव म्हणाले, "पाह्य, बिचारं वहिनीची आठवण काढून राह्यलं." आणि त्याच दुपारी, अगदी हळुवार हातांनी, नमस्कार करून, त्यांनी मला वावरातल्या विहिरीत सोडलं.

मित्रांनो, विहिरीतलं पाणी थंड असतं, गोड असतं, आणि विहीर म्हणजे कासवासाठी तुरुंग असतो. चहूबाजूंनी उभी दगडी भिंत. चढून बसायला हाताएवढी जागा नाही. ऊन दुपारी थोडा वेळ भिंतीला लागायचं, माझ्यापर्यंत पोचायचं नाही. मी मोटारीच्या दोराला धरून तरंगायचे, दमले की बुडायचे, पुन्हा वर यायचे. शेवाळ खाल्लं. पाय गळून गेले. कवचाखाली खाज सुटली तेव्हा समजलं, हेच ते सडणं, ज्याबद्दल मयुरीताई बोलली होती. रोज सकाळी मी कान देऊन बसायचे. ताट काही वाजत नव्हतं.

पुढचं मला मयुरीताईनं नंतर सांगितलं. ती माझ्याशी खूप बोलते.

ती तेव्हा पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाला गेली होती. परत आली तर दवाखान्यातल्या टेबलावर गाठोडं. सोडलं तर पितळेचं कासव, कुंकू लागलेलं. ती चक्रावली. तडक रामरावांच्या घरी गेली.

"काका, हे मले काऊन?"

"वहिनीचा कागद होता पोरी. तुलेच द्याचं लिवलं होतं."

"काका, आमच्या घरी देवघर नाही. मावशी आमच्या घरी येऊन गेल्या, त्याहिले हे चांगलं ठाऊक होतं. त्या देवघरातलं कासव मले देतीनच कशा?" आणि बोलता बोलता तिलाच उलगडलं, कागदातलं कासव म्हणजे मी. रामराव काही म्हणायच्या आत तिनं पुण्याला फोन लावला. "हर्षलदादा, तहसीलदार कुठी हाये?"

"तहसीलदार? मोताळ्याच्या तहसील कचेरीत असतील ना. का हो, आईचं काही काम अडलंय का?"

"दादा, हौदातलं कासव! त्याचं नाव तहसीलदार हाये! कागदातलं कासव म्हंजे तेच!"

"माझे कासव..." हर्षलभाऊंनी कागदातले शब्द पुन्हा म्हटले. रामराव दोर घ्यायला उठलेच. "अरे बापा... म्या त्याले विहिरीत सोडलं व. मले वाटलं, हौदातून काढून त्याले राज्य देऊन राह्यलो."

मी वरून आवाज ऐकला तो दुपारी. रामराव काठावर वाकून आपल्या घरचं एक ताट बडवत होते, धडाधड, जसा टोळधाडीवर डबा बडवतात. मी घाबरून तळाशी गेले. मग आवाज थांबला. आणि अगदी हळू, टण, टण... टण.

माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी घाई केली. इकडे पाहिलं नाही, तिकडे पाहिलं नाही, अंगात होती-नव्हती ती ताकद लावून वर आले. "तहसीलदार! अव तहसीलदार!" मयुरीताई ओरडत होती आणि रडत होती. रामरावांनी दोरानं टोपलं सोडलं, त्यात दोडक्याच्या फोडी. मी टोपल्यात चढले. वर आल्यावर रामरावांनी मला दोन्ही हातांनी खाली ठेवलं आणि स्वतःचे कान पकडून म्हणाले, "साहेब, माफी असावी." मी त्यांना माफ केलं. खोट नव्हती त्यांच्या मनात, कोणी समजावून सांगितलं नव्हतं एवढंच.

आता मी मयुरीताईकडे आहे. तिच्या खोलीमागच्या अंगणात माझं टाकं आहे आणि फरशी रामरावांनी स्वतः आणून टाकली. कवच बरं होतंय. पितळेचं कासव पुण्याला झुंबरबाईंच्या उशाशी पोचलं. दोन्ही कासवं आपापल्या जागी गेली.

आणि मयुरीताईनं काय केलं असेल? ती बत्तीस वर्षांची आहे, धडधाकट आहे. तरी मला घरी आणल्याच्या आठवड्यात तिनं कागद केला. वर माझा फोटो चिकटवला आणि खाली लिहिलं: 'तहसीलदार नावाचं जिवंत, मादी कासव. मला काही झालं तर माझा भाऊ प्रसेनजित यानं सांभाळावं. त्याला विचारलं आहे, तो विचार करून हो म्हणाला आहे.' पुढे पाला कोणता, ऊन किती, ताट कसं वाजवायचं, सगळं. नदीत, धरणात किंवा विहिरीत सोडू नये, कारण ही परदेशी जात आहे, इथल्या कासवांच्या तोंडचा घास ती खाईल आणि त्यांना आजार देईल. एक प्रत दवाखान्यात, एक चिखलीला, एक रामरावांकडे. रामरावांनी ती घरात कॅलेंडरशेजारी लावली आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवतात.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादा परदेशी पोपट असेल, ससा असेल, माझ्यासारखं कोणी असेल, तर आज घरातल्या मोठ्यांना एवढंच विचारा, तुमच्यानंतर याचं ताट कोण वाजवणार? अशुभ नसतं ते. झुंबरबाईंनी ते विचारलं म्हणून मी आज उन्हात बसले आहे. आणि कागद कराल तेव्हा लाजू नका. आम्हाला ज्या नावानं हाक मारता, तेच नाव लिहा, लोक हसले तर हसू द्या.

दर रविवारी सकाळी मयुरीताई टाक्याच्या काठावर फोन उभा करते. पलीकडे पुण्यात छकुली आजीच्या मांडीवर ताट ठेवते आणि डाव्या हातात चमचा देते. तेच पोचे पडलेलं ताट, हर्षलभाऊंनी मुद्दाम बरोबर नेलेलं. झुंबरबाईंना अजून बोलता येत नाही. पहिल्या रविवारी एकच ठोका आला. मग कितीतरी रविवार दोनच यायचे, आणि मी डोकं वर काढून तशीच थांबायचे. या रविवारीही दोन आले. टण, टण... छकुली काही बोलणार होती, मयुरीताईनं बोट ओठांवर ठेवलं. मी थांबले. मला घाई नसते.

टण.